रामघाटची हवाई सुरक्षा

आकाश मोकळे असते, असे फक्त त्यांनाच वाटते ज्यांनी संक्रांतीला काशीत मान वर केलेली नाही. त्या दिवशी आमच्या आकाशात पतंग असतात आणि उरलेल्या जागेत मांजा असतो. अशा आकाशातून एक विमान सुखरूप गेले, याचे श्रेय रामघाटच्या नभसुरक्षा समितीला द्यावे लागेल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका दंतमंजन कंपनीने संक्रांतीला दशाश्वमेध घाटावर विमानातून फुले उधळायचे ठरवले. (दातांचा फुलांशी संबंध काय, ते कंपनीलाच ठाऊक.) दोन सीटचे ते विमान चालवणार होती रामघाटचीच मृणालिनी. ती आधीच आपल्या वेणीमाधवकाकांना भेटली.

"काका, फुलं टाकायला मला खूप खाली यावं लागणार. मांजा पंख्यात गुंडाळला तर संपलंच. तेवढ्यापुरते लोकांना पतंग उतरवायला सांगाल?"

"बिलकुल फिकर करू नकोस," वेणीमाधवकाका म्हणाले.

काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. धावत्या वस्तू एकमेकींवर आदळू न देण्याचा त्यांना अनुभव होता. त्यांनी संध्याकाळीच समिती स्थापून तिचे अध्यक्षपद स्वीकारले. सणाच्या सकाळी समितीची भोंग्याची रिक्षा गल्लोगल्ली फिरली : "दुपारी विमान अत्यंत खालून जाईल. मांज्याने ते कापले जाण्याची शक्यता आहे. तरी नागरिकांनी पतंग उतरवावेत."

निवेदनाचा परिणाम तात्काळ झाला. वर्षानुवर्षे पतंगाला हात न लावलेले गृहस्थही छतावर चढले. पतंग सगळ्यांनीच कापले होते. विमान कापण्याची संधी शहराला प्रथमच मिळत होती.

दशाश्वमेधच्या अलीकडे, मुन्शी घाटाजवळ खाली येताना मृणालिनीला समोर पतंगांची भिंत दिसली. मागच्या सीटवरून कंपनीचा माणूस "घाट आला, घाट आला" म्हणत होता. तिने विमान वळवले, गंगा ओलांडली आणि त्याला पलीकडच्या रेतीवर फुले टाकायला लावली. तिथे काही म्हशी होत्या. (त्यांचे दात मंजनाविनाच उत्तम होते.)

इकडे छताछतावरून "भाक्काटा" झाला. पतंग कापल्याचा हा जयघोष विमानाच्या वाट्याला प्रथमच आला. आपणच विमान परतवले, असे सांगणारे इतके निघाले की समितीने सर्वांचा एकत्रित सत्कार ठेवला.

मृणालिनी घरी आली, तेव्हा काका अहवाल लिहीत होते.

"अपघात शून्य," ते समाधानाने म्हणाले.

"मी वळले म्हणून शून्य, काका."

"तेच. योजनेत वैमानिकाचं सहकार्य गृहीत होतं."

तिची नजर त्यांच्या बोटाच्या पट्टीवर गेली. "हे काय झालं?"

"सुपारी कातरताना," काका म्हणाले आणि पुढे लिहू लागले. तिने त्यांच्या खुर्चीखालून डोकावणारी मांज्याची फिरकी पायाने आणखी आत सारली आणि ती पाणी प्यायला गेली.

वाचकहो, तुम्ही तिथे असता तर पतंग नक्की उतरवला असता. फक्त शेजाऱ्याने आधी उतरवलाय ना, एवढे पाहायला छतावर गेला असता. रिकाम्या हाताने थोडेच?