कोरड्या छपराखालच्या ओल्या फळ्या

वस्तू जागच्या जागी कशी ठेवावी हे माझ्याकडून शिकावं! फुशारकी नाही मारत. सगळा जन्म प्राथमिक शाळेत गेला. निम्म्या नौपाड्याला टोपी आणि खुंटीची ओळख मीच करून दिली.

म्हणून आमचे जावई सुधीरराव बदलीवर नाशिकला निघाले, तेव्हा त्यांची जुनी मोटार आमच्या परसातल्या छपरीत ठेवायला मी आनंदानं तयार झालो. मोटारीबरोबर पान्हे, हातोड्या, जॅक, पंप असा लोखंडी संसारही आला.

"मामा, हत्यारांना गंज चढता कामा नये," सुधीरराव म्हणाले. "अधिक महिन्यात धोंड्याला येईन तेव्हा बघू. इथे नीट राहिलं तर राहू दे, नाहीतर माटुंग्याला काकांकडे हलवू."

हलवू म्हणजे? ती मोटार म्हणजे माझी शाळा होती! दुपारी आळीतली पोरं तीत कोंबून बसत आणि मी चाकापाशी बसून त्यांना जागच्या जागी पुण्याला नेऊन आणी. वाटेतल्या नद्या, घाट, बोगदे, सगळं तोंडपाठ! निवृत्तीनंतर एवढा भरलेला वर्ग कुणाला मिळतो?

तेव्हा हत्यारं ठेवायची कशात, यावर मी खोल विचार केला. सुताराकडून कपाट करावं, तर वाळवीला आयतं जेवण! रॉकेलचे रिकामे डबे घ्यावेत, तर आमच्या हिनं ते डाळतांदळासाठी आधीच बळकावलेले. "डब्यांना हात लावाल तर पान्हेच शिजवून वाढीन!" म्हणाली.

इतक्यात शेजारच्या दामाजीनं आपली मिठाची जुनी कोठी मोडली. त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या खाडीकाठच्या मिठागरातलं. कोठीच्या जाडजूड फळ्या त्याच्या अंगणात पडल्या होत्या.

"मास्तर, घेऊन जा. चुलीत घालण्यापरीस बरं."

"पैसे?"

"फळ्यांचं कसलं पैसं देता!"

मला तर साक्षात्कार झाला. मीठ मुरलेल्या लाकडाला वाळवी तोंड लावत नाही! हे शास्त्र हो, शास्त्र! मांडण्या ठोकल्या, हत्यारं उंचीप्रमाणे प्रार्थनेला उभी केल्यासारखी लावली आणि आळीभर दाखवून आलो.

पावसाळा आला. एके सकाळी बघतो तर फळ्या ओल्या! वर बघितलं, कौलं ठणठणीत. खाली बघितलं, जमीन कोरडी. ओल्या फक्त फळ्या, आणि पान्ह्यांवर तांबूस लव! पुसून कोरड्या केल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओल्या!

पाणी काय आपल्या पायांनी चालत येतं? कुणीतरी ओतत होतं. पण कोण?

मग एकदम आठवलं. दामाजीनं मागे ही छपरी म्हशीसाठी मागितली होती! मोटार गेली की छपरी रिकामी, म्हैस आत. आणि फळ्या फुकट दिल्या होत्या. आजकाल फुकट कोण काय देतं?

"अहो, काहीतरीच!" ही म्हणाली. "दामाजीभावोजी पाणी ओतायला येतील? त्यांना स्वतःच्या म्हशीला पाणी पाजायला सवड नाही."

पण संशय म्हणजे दातात अडकलेला सुपारीचा तुकडा. जीभ सारखी तिथंच! मी खडू कुटून उंबऱ्यावर भुकटी पसरली. सकाळी पावलं उमटलेली! अनवाणी, मोठी, चोराला शोभतील अशी!

"सापडला!" मी ओरडलो.

हिनं वाकून पाहिलं. "वाकडा अंगठा. तुमचाच आहे. मघाशी भुकटी बघायला आत गेला होतात ना?"

मग मात्र मी पोरांना सुट्टी दिली आणि मोटारीतच पहारा मांडला. छपरीचं दार आतून बंद, मी मागच्या बाकावर आडवा, डोळे तेवढे खिडकीच्या वर. कुणी विचारलं तर घरी नाही म्हणून सांग, असं हिला बजावलेलं. अधूनमधून उठून हत्यारं रॉकेलनं पुसायची.

दामाजी आला. "वहिनी, मास्तर हायेत का?"

"नाहीत घरी."

नेमका त्याच वेळी मला खोकला आला! दामाजीनं छपरीच्या झरोक्यातून डोकावलं. मी झटकन खाली. तो गेला. मी वर. तो परत डोकावला. मी खाली! अखेर बाहेर पडलो, तर पायाला मुंग्या आल्यामुळे झोकांड्या जात होत्या, जागरणानं डोळे तांबडे, आणि अंगाला रॉकेलचा उग्र वास.

"मास्तर," दामाजी नाक आवळून म्हणाला, "तब्येत बरी हाय ना?"

"उत्तम!" मी भिंत धरून म्हणालो.

दारूबंदी नुकतीच आलेली होती. दामाजीला काय वाटलं असेल ते तुम्हीच ओळखा. मी नाही ओळखलं!

धोंड्याचा दिवस उजाडला. सुधीरराव आमच्या मालूला घेऊन आले. अनारसे झाले, वाण झालं. "चला, मोटार बघू," म्हणत ते उठले. छपरीच्या दाराशी पोचतो तर समोर दामाजी, आणि सोबत परशुरामपंत! पंत म्हणजे आळीच्या दारूबंदी प्रचार मंडळाचे अध्यक्ष. एवढ्या उकाड्यातही लांब कोट.

"मास्तर," पंत खाकरले, "दार उघडा. आत काय गाळता?"

"गाळतो?" सुधीररावांनी माझ्याकडे पाहिलं.

"अरे, मी काय गाळतो? हा दामाजी फळ्यांवर पाणी ओततो!"

"मी?" दामाजी उडालाच. "मी कशापायी ओतू?"

"म्हशीसाठी!"

"म्हशीला मी नवीन गोठा बांधला की! तुमीच नारळ फोडला नं त्याचा!"

हे खरं होतं. पण मी आता मागे हटणारा नव्हतो. दार उघडलं, तांबड्या पान्ह्यांकडे बोट दाखवलं आणि वर्गातला आवाज काढला. "विचार करा! छप्पर गळत नाही, जमीन ओलावत नाही. ओतल्याशिवाय वस्तू ओली होते का? कधीच नाही! याला अपवाद एकच..."

पान्ह्यांकडे दाखवलेलं बोट मी हळूच मागे घेतलं.

"कोणता, मामा?" सुधीररावांनी नम्रपणे विचारलं.

मी कौलांकडे बघू लागलो.

"सांगा की," मागून ही म्हणाली. "चौथीच्या पोरांना दरसाल सांगत होतात. पावसाळ्यात मिठाची बरणी का पाझरते? मीठ हवेतलं पाणी ओढतं."

सुधीररावांनी फळीवर बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि शांतपणे म्हणाले, "मोटार माटुंग्याला नेतो, मामा."

मी दामाजीपुढे हात जोडले. "चुकलो रे बाबा!"

"जाऊ द्या, मास्तर," तो म्हणाला. पण चेहरा उतरलेलाच. परशुरामपंत मात्र अजून आत शिरून मोटारीखाली, बाकाखाली, डिकीत डोकावत होते.

"म्हणजे आत खरंच काही नाही?"

"काही नाही, पंत! देवाशपथ!"

"थेंबसुद्धा?"

हे विचारताना ते इतके वाकले की त्यांच्या लांब कोटाच्या खिशातून पितळेचा पेला निसटून फरशीवर खणखणला. पाठोपाठ दामाजीच्या कनवटीची भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी सुटली.

हिनं पेला उचलला आणि त्यात ताक घालून आणलं. ताक अळणी होतं. पण त्या दिवशी मीठ मागायची माझी काही छाती झाली नाही!