ड्रॅबचा तिसरा वापर

“आज व्याह्यांसमोर फाडफाड इंग्रजी बोलून दाखवतो, पायजा!” देवरावांनी सकाळीच जाहीर केलं. निवृत्तीनंतर ते शेजारच्या सोनिकाच्या इंग्रजी वर्गाला जात. आजचा शब्द होता ‘ड्रॅब’. म्हणजे बेरंग, निस्तेज, पाहून मन विटावं असं. कपड्यांना, खोलीला, दिवसाला लावायचा. माणसाला जपून, मनाला लागतं! आणि तीनदा वापरल्याशिवाय शब्द आपला होत नाही, हा सोनिकाचा नियम.

देवरावांनी खिडकीच्या केशरी पडद्यांकडे बोट दाखवलं. “दीज कर्टन्स आर ड्रॅब!”

पडदे हलले. वारा नव्हता, पंखाही बंद होता. बघता बघता केशरी रंग खाली उतरत गेला आणि पडदे राखेसारखे झाले.

“प्रेमिला! पडदे पाय वं!”

“जुनेच हायेत. रंग जाईन नाही तं का होईन?” बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

भास झाला असेल म्हणून देवरावांनी पोह्यांवरच्या तर्रीला तोच शब्द लावला. लालभडक तवंग हळूच विझला. घास घेतला, तर नुसतं कोमट पाणी! नागपूरची तर्री आणि जिभेला चटका नाही? त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला.

त्यांनी कानाला खडा लावला. पण शब्द काही जाईना! गारेगार होऊन घशाशी बसून राहिला, तिसऱ्या वापराची वाट पाहत. घरातही कुणीतरी श्वास रोखून बसल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी व्याही मनोहरराव “जय भीम” करत आले, सोबत मुलगा अश्विन. नंदिनी डाळिंबी साडीत बाहेर आली आणि होणाऱ्या नवऱ्याकडे पाहून हसली. लेकीचं ते हसू पाहताना देवरावांच्या घशातला शब्द वर सरकला. त्यांनी तोंड दाबलं.

“देवरावजी, तुम्ही इंग्रजी शिकून राहिले म्हणते! बोला नं काही!” मनोहरराव म्हणाले.

पडदे पुन्हा हलले. शब्द जिभेवर आला. आता कुणाला लावायचा? पोरीला? जावयाला? देवरावांनी डोळे गच्च मिटले, छातीवर हात ठेवला आणि लेकीसाठी स्वतःचाच बळी दिला. “आय अ‍ॅम ड्रॅब!”

देवरावांनी भीत भीत एक डोळा उघडला. शर्ट तसाच, मिशी तशीच, हातपायही जिथल्या तिथं. काहीच बदललं नव्हतं!

“म्हणजे का जी?” प्रेमिलाबाईंनी चहाचा ट्रे ठेवत विचारलं.

“म्हणजे... बेरंग. पण पाय नं, मले काहीच झालं नाही!”

प्रेमिलाबाईंनी नवऱ्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

“कसं होईन? रंग उडायले आधी तो असावा लागते नं!”