कचरूआबांच्या फियाटची परीक्षा

भारतीच्या हातून आजवर एकही चुकीचा निकाल लागलेला नव्हता. शेवगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात ती सोळा वर्षं रसायनशास्त्र शिकवत होती. प्रात्यक्षिकाला समोर कुणाचा भाचा उभा आहे हे न बघता ती अर्धा गुणसुद्धा तोलून देई. त्यामुळे माहेरच्या फियाटचं काय करायचं, हा प्रश्न तिच्याकडे आला तेव्हा तो आठवड्याभरात सुटणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

फियाट अकरा वर्षं घरासमोरच्या पत्र्याच्या शेडखाली उभी होती. भारतीचे वडील कचरूआबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती एका डॉक्टरांकडून घेतली, तेव्हा तीही निवृत्तीलाच आलेली होती. धाकटा महेंद्र पुण्यात नोकरीला. त्याने नवी गाडी घेतली होती आणि गावी आल्यावर ती उन्हात तापते, हे त्याला बघवत नव्हतं.

"आबा, ती गाडी राहिलेली नाही आता. नुसता गंज उभा आहे, गाडीच्या आकाराचा," तो फोनवर म्हणाला.

"आसंल. पन माझा गंज हाय," आबा म्हणाले.

शेवटी दोघांनी भारतीला पंच नेमलं. गाडी वाचवण्यासारखी आहे की नाही, ते ती सांगेल आणि दोघंही ऐकतील. नाही म्हणाली तर रविवारीच भंगारवाला गाडी नेणार. आहे म्हणाली तर महेंद्रने पुन्हा शेडचं नाव काढायचं नाही.

भारतीने शंभर गुणांचा तक्ता केला. चुंबकाला चाळीस: गाडीवर खडूने चाळीस खुणा करायच्या, चुंबक चिकटेल तिथे एक गुण, खाली नुसती पुट्टी किंवा भुगा असेल तिथे शून्य. तळाला स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचा, त्याला वीस. दारं दहा, टायर दहा, इंजिन वीस. इंजिनाचे वीस आबांनी आपणहून सोडले, कारण ते त्यांनी मागेच मावसभावाच्या विहिरीवर बसवायला दिलं होतं. पास व्हायला पस्तीस.

याच गाडीतून आबांनी तिला बीएस्सीच्या प्रवेशासाठी संगमनेरला नेलं होतं. वाटेत तीनदा गाडी बंद पडली आणि तीनदा आबांनी ती चालू केली. त्याला तक्त्यात रकाना नव्हता. भारतीने विचार करूनच तो ठेवला नव्हता.

गुण कशाला आहेत हे परीक्षा देणाऱ्याला आधी कळलं पाहिजे, असा तिचा नियम होता. म्हणून तिने खडूच्या खुणा करून ठेवल्या, तक्त्याची एक प्रत आबांच्या हातात दिली आणि त्यांना सात दिवसांनंतरची तारीख सांगितली. आई, म्हणजे चांगुणाबाई, त्या आठवड्यात पाथर्डीला बहिणीकडे गेली होती. ती आली शनिवारी संध्याकाळी.

रविवारी सकाळी भारती पोहोचली तेव्हा फियाट निळीशार झालेली होती. खिडकीला मारायचा ऑइलपेंट गाडीला दोन हात दिलेला होता. त्यावर चाळीसच्या चाळीस खुणा खडूने पुन्हा जिथल्या तिथे काढलेल्या होत्या.

"हे काय आबा?"

"परीक्षेला जाताना पोरगं धुतलेला शर्ट घालतं का न्हाई?"

यात नियमाविरुद्ध काही सापडेना. महेंद्र पहाटेच पुण्याहून आला होता. येताना त्याने शेवगावहून मच्छिंद्र भंगारवाल्याला टेम्पोसकट आणलं होतं. मच्छिंद्र ओट्यावर चहा पीत बसला.

भारतीने प्रयोगशाळेतलं चुंबक काढलं. पहिल्या खुणेला चिकटलं. दुसऱ्या, तिसऱ्या, नवव्याही. मागच्या चाकावरचा भाग तर तिला चांगला आठवत होता, तिथून आतला स्टेपनीचा टायर दिसायचा. तिथेही चुंबक टक्कन बसलं आणि निघेना.

"ताई, दिवाळीत मी या दाराला टेकलो तर कोपर आत गेलं होतं," महेंद्र म्हणाला.

"आता टेक."

तो टेकला. दार जागचं हललं नाही.

"हवापालट झाली, सुधारली," आबा म्हणाले.

चुंबकाचे अडतीस गुण झाले. तळाला स्क्रूड्रायव्हर लावला तर तोच वाकायला आला, तिथे अठरा. दारांना सहा. टायर सपाट, शून्य. बेरीज बासष्ट. पहिला वर्ग. आबांनी टोपी सारखी केली आणि मच्छिंद्रला आणखी चहा हवाय का विचारलं.

भारती मात्र तक्त्याकडे बघत राहिली. लोखंडाला गंज चढतो, हे ती दर वर्षी शिकवत होती. गंजाचं लोखंड झाल्याचं उदाहरण तिच्या पाठ्यपुस्तकात नव्हतं. ती पुन्हा डाव्या दाराशी गेली आणि रंगावरून सावकाश बोट फिरवलं. रंगाखाली काहीतरी टिंब टिंब हाताला लागत होतं. तिने खाली वाकून, एकेक अक्षर जुळवत वाचलं: मंगल परिणयानिमित्त चांगुणा हिस मामाकडून सप्रेम भेट.

"आबा, गाडी तुम्ही डॉक्टरांकडून घेतली होती ना?"

"व्हय."

"मग मामांनी कधी दिली?"

चांगुणाबाई ओट्यावरचे कप गोळा करत होत्या. त्यांनी कप खाली ठेवले आणि घरात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात पत्र्याचं एक मोठं गोल झाकण होतं. त्यांच्या लग्नातल्या धान्याच्या कोठीचं. पुरुषभर उंच कोठीतलं तेवढंच शिल्लक होतं. आतल्या खोलीत बाजरीची तीन पोती एकावर एक रचून, त्यांना गोधडी गुंडाळून, वर ते झाकण ठेवलेलं होतं.

"काल मला म्हनले, कोठी धुऊन वाळत ठेवलीय, गोधडी काढू नगं."

"वाळलीय आता," आबा म्हणाले.

मग सगळं निघालं. कोठी उभी कापली होती, ठोकून सपाट केली होती, आणि तिचे तुकडे गाडीला आतून-बाहेरून रिव्हेट मारून बसवले होते. तक्त्याची प्रत समोर ठेवून, खुणेबरहुकूम.

"कॉपी आहे ही, आबा."

"कॉपी कशी? दुसऱ्याचं बघून केलं तर कॉपी. ह्ये समदं मी माझ्या हातानं केलंय."

हा मुद्दा तिला सोळा वर्षांत कुणी ऐकवला नव्हता. मग तिने कोठीचे सगळे तुकडे खडूने वगळले आणि परीक्षा पुन्हा घेतली. चुंबकाचे नऊ. तळाचे दोन. दारांचे सहाच. बेरीज सतरा.

"पोरांना ग्रेस देत्यात न्हवं?" आबांनी हळूच विचारलं.

"अठरा गुणांची ग्रेस नसते, आबा."

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बंपरवर बसले. बंपर वाकला तसे जरा पुढे सरकून बसले. एक हात मागे बॉनेटवर होता. भारतीने तक्त्याखाली 'नापास' लिहिलं. त्याआधी तिने पेन दोनदा झटकलं. पेन चालू होतं.

"चला मच्छिंद्रभाऊ, उचला," महेंद्र म्हणाला.

मच्छिंद्रने कप ठेवला आणि गाडीला एक फेरी मारली. बोटाच्या पेराने चार ठिकाणी वाजवून बघितलं. मागून जरा उचलायला गेला तेव्हा आत कुठेतरी करकरलं, तसा त्याने हात काढून घेतला.

"महेंद्रभाऊ, ह्ये भंगार न्हाई."

"म्हणजे?"

"भंगारात लोखंड लागतं. इंजिन आसतं तर नेली आसती. आता हिच्यात लोखंड म्हंजी आजींची कोठी. ती काढून नेतो म्हना. पन ती काढली की बाकीची हितंच खाली बसंल. मंग टेम्पो न्हाई, घमेलं आना."

"कोठीला हात लावायचा न्हाई," चांगुणाबाई म्हणाल्या.

मच्छिंद्रने टेम्पो रिकामाच वळवला. नेता येईना आणि ठेवायचीही नाही, अशी गाडी मध्ये घेऊन तिघं उभे राहिले. वाचवण्याच्या लायकीची नाही हे भारतीने सिद्ध केलं होतं. मोडण्याच्याही लायकीची नाही, हे मच्छिंद्रने.

चांगुणाबाईंनी गाडीचं मागचं दार उघडलं. सीट केव्हाच निघालेली होती. खाली, बाजूला, डिकीत, सगळीकडे त्यांची कोठी पसरलेली होती. त्यांनी आत डोकं घालून बघितलं.

"भारती, हितं उंदीर शिरंल का गं?"

या प्रश्नाला निदान मोजून उत्तर देता येत होतं. पेन्सिल जाते तिथून उंदराचं पिल्लू जातं, एवढं धरून भारतीने पेन्सिल घेतली आणि पाऊण तास गाडीचा प्रत्येक सांधा तपासला. पेन्सिल कुठेच गेली नाही. आबांनी डेपोत बत्तीस वर्षं रिव्हेट मारले होते.

"नाही शिरणार," ती म्हणाली.

दुपारपर्यंत तिन्ही पोती बाजरी, मधूनमधून कडुलिंबाचा पाला घालत, गाडीत भरून झाली. महेंद्रच पोती उचलत होता.

"आणि माझी गाडी?" त्याने घाम पुसत विचारलं.

"तिच्यात काय ठिवतो?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"मंग ऱ्हाऊ दे उन्हात."

भारतीने तक्त्यावरचं 'नापास' खोडलं. त्या जागी काय लिहायचं ते तिला ठरवता येईना, म्हणून तिने तक्ता घडी घालून पर्समध्ये ठेवला.

आबा मात्र खुशीत होते. ऊन उतरल्यावर त्यांनी फडकं घेऊन पुढची काच पुसली, आरसा सरळ केला आणि स्टिअरिंगमागे घटकाभर बसावं म्हणून दाराला हात घातला. दार बंद होतं. किल्ली चांगुणाबाईंच्या कमरेला होती.

"किल्ली दे की जरा," आबा म्हणाले.

"किती बाजरी काढायचीय?" चांगुणाबाईंनी विचारलं.