भुक्कडच्या पोटातली मापं

"सर, कुत्र्याची उलटी बघून तुम्हाला स्वतःला उलटी होत नाही का?"

हा प्रश्न विचारायची पैज मागच्या बाकावर लागली होती. शाळेत जनावरांचे डॉक्टर आपल्या कामाविषयी सांगायला आले होते, मुख्याध्यापिकाबाई पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसल्या होत्या, आणि मैत्रिणींनी चिमणीला कोपराने ढोसून ढोसून उभं केलं होतं. गेल्या वर्षी हीच मुलगी हजेरीला 'हजर' म्हणायची, तेव्हा ती खरंच आलीय का हे बघायला बाईंना मान वर करावी लागायची. यंदा तिला कंठ फुटला होता आणि असा फुटला होता की वर्गात तिचं नाव 'भोंगा' पडलं होतं. चिमणी हे नाव आता फक्त घरी उरलं होतं.

सगळा हॉल खदखदून हसला. डॉक्टर मात्र चिडले नाहीत.

"उलटीचं काही वाटत नाही गं," ते म्हणाले. "मला धास्ती वाटते ती घरच्यांची. कुत्र्याला काय घातलं विचारलं की आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांचं एकच उत्तर. काही नाही!"

चिमणी त्या दिवशी घरी चालत आली नाही, तरंगत आली. भर सभेत प्रश्न विचारला, डॉक्टरांनी उत्तर दिलं, बाईंनी नुसते डोळे वटारले! आयुष्यात याहून मोठं काही व्हायचं राहिलं आहे असं तिला वाटेना.

व्हायचं होतं. दुसऱ्याच दिवशी भुक्कडने जेवण सोडलं.

भुक्कड म्हणजे चिमणीचा कुत्रा. हे नाव त्याने कष्टाने कमावलं होतं. अर्धं पायपुसणं, साबणाची अख्खी वडी आणि आईच्या छत्रीची मूठ एवढं त्याच्या खात्यावर जमा होतं. त्याची थाळी नुसती जमिनीला टेकली तरी तो गल्लीच्या टोकाहून धावत यायचा. तोच भुक्कड शुक्रवारी थाळीकडे बघून भिंतीकडे तोंड करून बसला. संध्याकाळी बैठकीच्या खोलीत मधोमध उभा राहिला, पोट आतबाहेर करून 'हुक हुक' केलं आणि सगळं बाहेर काढलं.

आई पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारी घ्यायला बसायची. दिवसभर फोनवर लोकांच्या नळांची चौकशी करून करून तिला दुसऱ्या प्रकारे बोलताच यायचं नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"आत्ता," चिमणी म्हणाली.

"सलग की थांबून थांबून? रंग कसा आहे? गढूळ की... अगं बाई!"

आई मागे सरकली. फरशीवर एक गुलाबी, लिबलिबीत, रबरासारखा तुकडा पडला होता.

"अहो, लवकर या! ह्याचं आतडं बाहेर आलं!"

बाबा कामाच्या खोलीतून हातात ब्रश घेऊनच धावले. तुकड्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा त्यांच्याच कामातल्या प्लॅस्टरसारखा पांढरा पडला. चिमणीनेही नीट बघितलं. आणि भोंगा बंद पडला.

कारण तो तुकडा कुत्र्याच्या पोटातला कुठलाही भाग नव्हता. त्यावर चार दातांचे ठसे होते. माणसाच्या.

बाबा कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडात गुलाबी मसाला दाबून जबड्याचं माप घेत आणि ते माप बाबांकडे पाठवत. बाबा त्यात प्लॅस्टर ओतून साचा काढत आणि वापरलेलं गुलाबी माप बादलीत फेकून देत. त्या मापाला पुदिन्याचा झकास वास यायचा. गेल्या आठवड्यात मैत्रिणी घरी आल्या तेव्हा त्यांतली चष्मेवाली भुक्कडला कुरवाळता कुरवाळता म्हणाली होती, "ईऽ, कवळ्या करणाऱ्यांच्या घरचा कुत्रा आणि तोंडाला हा वास!" चिमणीच्या ते फार जिव्हारी लागलं. पुदिना आहे, चावायला चिवट आहे, दातही घासले जातील, असा विचार करून ती रोज एक तुकडा बादलीतून उचलून भुक्कडला चघळायला द्यायला लागली. तो चघळतो आणि मग कुठेतरी टाकतो, अशी तिची समजूत होती. टाकतो कुठे, हे बघायचं तिला सुचलं नाही.

आता बोलावं तर पंचाईत होती. मागच्याच महिन्यात भुक्कडने एका आजोबांची तयार कवळी पळवली होती आणि ती तोंडात धरून गल्लीभर दात दाखवत फिरला होता. त्या दिवशी आईने शेवटचं सांगून टाकलं होतं. "ह्यापुढे ह्याच्या तोंडात कामाच्या खोलीतली एक वस्तू जरी दिसली, तरी त्याची रवानगी तुझ्या आत्याकडे." आत्याचं आवार मोठं होतं आणि शिस्त त्याहून मोठी. तिची तीन कुत्री थाळीसमोर रांगेत बसायची आणि ती 'हं' म्हणेपर्यंत जीभ बाहेर काढायची नाहीत. आत्याकडे भुक्कड जगला असता, पण भुक्कड राहिला नसता.

शनिवारी सकाळपर्यंत आणखी दोन उलट्या झाल्या. आईने त्या तक्रारवहीत लिहाव्यात तशा कागदावर वेळेसह लिहिल्या. "प्रत्येकीत एकेक तुकडा. एकूण तीन. आणि डॉक्टरांनी बघेपर्यंत कुणीही ह्याला काही घालायचं नाही. पाण्याशिवाय काही नाही. कळलं?"

"कळलं," बाबा म्हणाले.

चिमणीने मान हलवली. रात्रभर तिने भुक्कडला मनातल्या मनात दहा वेळा आत्याकडे पाठवलं होतं आणि दहा वेळा पुरलं होतं. कुठलं जास्त वाईट हे तिला ठरवता येत नव्हतं.

दवाखान्यात टेबलापाशी शाळेत आलेले तेच डॉक्टर होते. त्यांनी तिला लगेच ओळखलं.

"या प्रश्नवाल्या बाई! आज काही विचारायचंय?"

चिमणी भुक्कडकडेच बघत राहिली. भुक्कड टेबलावर जुन्या गोणीसारखा पडला होता. एरवी सुई बघून आकाशपाताळ एक करणारा, आज शेपटीचं टोकही हलवत नव्हता. आईने पिशवीतून डबा काढला आणि तिन्ही तुकडे पुढे केले. डॉक्टरांनी एक चिमट्यात धरून उजेडात फिरवला.

"ह्याला काय घातलं होतं?"

"काही नाही," आई म्हणाली.

"काही नाही," बाबा म्हणाले.

डॉक्टर चिमणीकडे बघून हसले. तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता फरशी दुभंगावी आणि आपण सगळ्या मापांसकट आत जावं.

"हे दात कुणाचे आहेत मग?" डॉक्टरांनी विचारलं. "त्याचे स्वतःचे तर जागच्या जागी आहेत."

आईने तुकडा जवळ घेऊन बघितला. मग सावकाश बाबांकडे बघितलं. ती नजर बघून भल्याभल्या प्लंबरांनी आपली चूक कबूल केली असती.

"माझंच चुकलं," बाबा घाईघाईने म्हणाले. "दार उघडं राहिलं असणार माझ्याकडून. शिरला असेल आत, खाल्लं असेल बादलीतलं एखादं माप."

चिमणी बाबांकडे बघतच राहिली. दार उघडं नव्हतंच. बाबा स्वतःहून तिच्या गुन्ह्यात जाऊन बसले होते! तिने फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्याचा तिला जन्मापासूनचा सराव होता.

"एखादंच ना?" डॉक्टर म्हणाले. "मग ते तुकड्या-तुकड्याने पडून गेलं. पोट शांत करायचं इंजेक्शन देतो, घरी न्या. पण नक्की सांगा. जास्त खाल्लं असेल आणि आतड्यात उतरून अडकलं तर पोट फाडावं लागेल. उशीर झाला तर तेही जमणार नाही."

"एखादंच असेल," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी सुई भरायला घेतली.

"आठ!"

हा आवाज इतका मोठा निघाला की बाहेर बाकावर बसलेल्या कुणाचं तरी मांजर फिस्कारलं. चिमणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण भोंगा पुन्हा चालू झाला होता. "आठ दिले मी! रोज एक! त्याच्या तोंडाला वास येतो म्हणून! दार बंदच होतं, बाबा खोटं बोलतायत! तीन बाहेर आले, पाच आतच आहेत, डॉक्टर, वाचवा त्याला, मग हवं तर आत्याकडे पाठवा!"

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली.

सोनोग्राफीत भुक्कडच्या पोटात काहीतरी गोळा होऊन बसलेलं दिसलं. "अजून वरच आहे, उतरलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "बरं झालं वेळेवर बोललीस. आता उलटीचं इंजेक्शन देऊ."

"उलटीवर उलटीचं?" आईने विचारलं.

"बाई, पाइपात काही अडकलं तर मागे ओढूनच काढतात ना?"

आईला पटलं. तिने कागद-पेन्सिल काढली.

पुढची पंधरा मिनिटं चिमणीने भुक्कडचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि आयुष्यातला सगळ्यात घाण नजारा डोळे उघडे ठेवून बघितला. ट्रेमध्ये एक गुलाबी तुकडा पडला. मग दुसरा. मग चांगलं मूठभर बिस्किट.

"हे काय?" आईने विचारलं.

बाबा छताकडे बघायला लागले. "सकाळी चहा घेत होतो. तो असा काही बघत होता गं... दोनच दिली."

"मी सांगितलं होतं ना, पाण्याशिवाय काही नाही म्हणून! तुम्हाला एक गोष्ट..."

तेवढ्यात भुक्कडने पुन्हा 'हुक' केलं आणि ट्रेमध्ये एक उकडलेलं अंडं पडलं. अख्खंच्या अख्खं. त्याला साधा दातही लागला नव्हता.

आता बाबांनी छतावरून नजर खाली आणली. चिमणीनेही आईकडे बघितलं. डॉक्टरांनी तर हातमोजे घातलेल्या बोटाने अंडं जरा पुढे सरकवलं, म्हणजे सगळ्यांना नीट दिसावं.

"त्यात ताकद असते," आई पुटपुटली. कागदावर तिने फक्त 'इतर' असं लिहिलं.

तिसरं माप पडलं, चौथं पडलं. पाचवं येईना. भुक्कड रिकामा होऊन थरथरत उभा होता, पिवळ्या पाण्याशिवाय काही येत नव्हतं. डॉक्टरांनी पुन्हा यंत्र लावलं, पुन्हा बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या.

"मला काही दिसत नाही. पण हिशेबाने एक कमी आहे. खाली सरकलं असेल तर कठीण आहे. नक्की आठच ना?"

"शुक्रवारपासून..." चिमणीने बोटं मोजली. हुंदक्यांनी तिची बोटंसुद्धा चुकत होती. "शुक्र, शनि, रवि, सोम, मंगळ, बुध, गुरु... आणि काल सकाळी." गुरुवारी तिची बोटं अडखळली. गुरुवारी प्रश्न. गुरुवारी सभा. गुरुवारी शाळेत जाताना तिने चष्मेवालीला दाखवायला म्हणून एक तुकडा दप्तरात टाकला होता आणि घरी आल्यावर तोच भुक्कडला देणार होती. पण ती घरी आली होती ती तरंगत. स्वतःच्या पराक्रमात इतकी बुडालेली, की त्या संध्याकाळी तिने भुक्कडकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं.

"दप्तर! बाबा, दप्तर आणा!"

"आता अभ्यास?" बाबा गोंधळून म्हणाले. पण ते धावत घरी गेले आणि धापा टाकत परतले. दप्तराच्या तळाशी, भूमितीच्या पेटीखाली, सुकून चिंचोक्याएवढं झालेलं आठवं माप निघालं.

आईने कागदावर खूण केली आणि भिंतीला टेकून मटकन स्टुलावर बसली. "बाई गं," ती एवढंच म्हणाली. चिमणीने पहिल्यांदाच बघितलं की आई त्या हिशेबाच्या कागदानेच डोळे पुसत होती.

दुपारी घरी भुक्कड ओल्या फडक्यासारखा पसरून झोपला होता. डॉक्टरांनी संध्याकाळी मऊ भात, तोही चमच्याने, एवढंच सांगितलं होतं. मग आईने हळूच फोन उचलला. "तेव्हा रागात बोलले होते, आज रागात नाही," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "इथे नाही सांभाळला जात तो आपल्याकडून. तुझ्या आत्याला विचारते."

बाबांनी खाली मान घातली. भुक्कडने एक डोळा उघडून थाळीकडे बघितलं. थाळी रिकामी होती, तरी बघितलं!

ते बघून चिमणी उठली, आईच्या आणि फोनच्या मध्ये जाऊन उभी राहिली. आवाज चिरकला, पण तिने थांबवला नाही.

"आई, बाबा, मी ठरवलंय. भुक्कड कुठेही जाणार नाही. त्याने फक्त खाल्लं, घातलं आपण तिघांनी. एकाला 'नाही घालायचं' सांगून कळत नाही, आणि जी सांगते ती अंडं घालते. तेव्हा आत्याकडे शिस्त शिकायला आपण जायचं. पाळीपाळीने, एकेक आठवडा. पहिली मी. फोन लाव आणि सांग तिला, उद्या सकाळी येतेय."