चवीपुरते पाहुणे

हरिचंद्र जन्मला तेव्हा त्यानं सुईणीलाही नावं ठेवली असतील, अशी त्याची बायको काशी हिची खात्री होती. बदलापूरची भातखाचरं बिल्डरला विकून गळ्यात चेन आल्यापासून तर त्याला उगवलेला सूर्यही पसंत पडेना. अशा माणसाच्या लेकीचं, बाळीचं, लग्न जमत होतं. सोनिवलीच्या बुधाजीचा मुलगा तिला आवडला होता, ती त्याला आवडली होती. अडलं होतं ते बुधाजीपाशी. तो तारीखच देत नव्हता. मागे एकदा पानात मीठ भलत्या बाजूला वाढलं म्हणून या गृहस्थानं ठरलेली सोयरीक मोडली होती. त्या धास्तीनं बाळीला घास गोड लागत नव्हता.

व्याह्याचं तोंड बंद करायला हरिचंद्रानं एक दिवस बढाई मारली, "जेवान उल्हासनगरच्या केटररचा! कॅम्प चारचा!" बढाई मारून झाल्यावर तो केटरर शोधायला निघाला. सगळी कामं तो याच क्रमानं करायचा.

केटरर सिंधी होता, माणूस मोकळा. "साईं, बोलून काय फायदा? संडेला अंबरनाथ ईस्टला हॉलवर आपलाच खाना आहे. या, खाऊन बघा, मग ऑर्डर द्या. शादीमध्ये कोण कोणाला विचारतो?"

"कोनी नाय इचारनार," काशी म्हणाली, "फकस्त तुमी तोंड उघडू नका."

रविवारी दोघं इस्त्रीचे कपडे घालून परक्या लग्नात शिरली. काशी बायकांच्या पंगतीला गेली. हरिचंद्र पुरुषांत बसला. पान वाढून झालं, आणि हरिचंद्राचं तोंड उघडलं. जेवायला नव्हे!

"ह्याला वरान बोलतान? आमचे नदीचा पानी घट हाय याच्यापक्षी!"

वाढप्यानं हे नवरीच्या भावाच्या कानावर घातलं. भावाला विचार करावाच लागला नाही. भरल्या पानावर बसून जो असा करवादतो, तो नवरदेवाकडचाच. तो धावत आला. "काका, चुकलं आमचं. गरम जिलबी घ्या ना."

"जिलबी? हिला पाक दाखवलाव का नुसता?"

मग खुद्द नवरीचा बाप हात जोडून आला. खरं सांगून टाकायची ही वेळ होती. पण उभ्या आयुष्यात हरिचंद्रापुढे कुणी हात जोडले नव्हते, जमीन घेताना बिल्डरनंसुद्धा नाही. ते जोडलेले हात बघून त्याची छाती फुगली. त्यानं पान सारलं आणि तो ताडकन उठला. "मी जेवनारच नाय!"

नेमका तेव्हाच हॉलच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक महाशय पंख्याखालची खुर्ची मिळाली नाही म्हणून फुगून बसले होते, आणि नवरदेवाचा बाप त्यांना नवरीचा मामा समजून त्यांच्या विनवण्या करत होता. शेवटी दोन्ही बाप मधल्या वाटेत एकमेकांना भेटले.

"तुमचे एक पाहुणे फार रागावलेत हो."

"तुमचेही एक."

आता, "तो कोण तुमचा?" असं विचारलं असतं तर तिथंच उलगडा झाला असता. पण व्याह्याचा नातेवाईक आपल्याला ओळखता येत नाही, हे कबूल कोण करणार? तेव्हा दोन्ही शहाण्यांनी ठरवलं की या दोन पाहुण्यांचंच आपसात वाजलंय. त्यांना स्टेजवर घ्यावं, शाली घालाव्यात आणि गळाभेट घडवावी.

हरिचंद्राला हाताला धरून वर चढवलं. खांद्यावर शाल पडली. समोरून दुसरा मानकरी शाल सावरत आला आणि हरिचंद्राच्या पायाखालची जमीनच सरकली. बुधाजी! मेलो, तो मनात म्हणाला, फुकट जेवताना पकडलो, बाळीचं लगीन मोडलं!

पण बुधाजीचाही चेहरा पडला होता.

"तुमी हितं?" हरिचंद्र पुटपुटला.

"तुमी त्या केटररची एवढी तारीफ केलीव," बुधाजी ओठ न हलवता बोलला, "बोललो, जरा चाखून बघू. त्यालाच गाठला, त्यानंच हितं धाडला. आनि तुमी?"

"मी पन चाखायलाच."

"काका, जवळ या! हसा जरा!" व्हिडिओवाला ओरडला. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. टाळ्या झाल्या. नवरीच्या बापानं डोळे पुसले. हरिचंद्राची अक्कल एरवी दुसऱ्या दिवशी चालायची, ती त्या मिठीत चालली. तो व्याह्याच्या कानात म्हणाला, "तारखेचा काय ते बोला."

बुधाजीनं कॅमेऱ्याकडे बघितलं. "तुमी सांगाल ती."

लढाई जिंकल्याच्या तोऱ्यात हरिचंद्र खाली उतरला. दाराशी काशी पान चघळत उभी होती, आणि तिच्याशेजारी बुधाजीची बायको भिकी. दोघींचे ओठ लाल झाले होते.

"तारीख घेतली!" हरिचंद्र म्हणाला.

"कनची?" काशीनं विचारलं. "आमी तं अक्षय तृतीया धरलीव. एकाच पंगतीत बसलेलो. लुगड्यांचा ठरला, हलदीचा ठरला."

"आनि केटरर ह्योच," भिकी म्हणाली. "जेवान बेस होता. वरान तं दोनदा घेतला मी."

"तुमी जेवलाव?" दोन्ही मानकरी एकदम ओरडले.

"मंग? हितं आलेलो कशाला?"

दोघं पंगतीकडे धावले. पत्रावळी गोळा झाल्या होत्या, सतरंज्या झटकत होते. सकाळपासून दोघांच्याही पोटात कण नव्हता. शेवटी स्टेशनबाहेरच्या गाडीवर, अंगावर शाली तशाच, दोघं वडापाव खायला उभे राहिले.

"चटनीला मीठ नाय," हरिचंद्र म्हणाला.

"वडा पन गार," बुधाजी म्हणाला.

गाडीवाल्यानं झारा थांबवला आणि दोघांकडे शालींसकट बघितलं. "खायचा तर खा, नायतर बाजूला व्हा. धंद्याचा टाइम आहे."

दोघांनी मुकाट्यानं खाल्ला. मग हरिचंद्रानं हळूच आणखी दोन मागितले.