सासूबाईंच्या अंगावरचे डाग

होडी धुण्यात अवघड ते काय? चौतीस वर्षं मी भूगोल शिकवला आहे. पृथ्वीचा तीन चतुर्थांश भाग पाण्याने व्यापला आहे, हे हजारभर पोरांकडून पाठ करून घेतलं आहे. त्यातलं चार बादल्या पाणी एका होडीवर ओतणं मला जमणार नाही? छे! असं मी शुक्रवारी दुपारी अंगणात उभा राहून ठणकावून म्हणालो. मनातल्या मनात. मोठ्याने मी फारसं काही म्हणत नाही.

होडी माझी नव्हे, माझ्या मेहुण्याची, विल्बेर्तची. तो राहतो मेरिदा शहरात. होडी राहते सान रोमान बंदरावर, माझ्या अंगणात. नाव ‘दोन्या क्लेता’, म्हणजे क्लेताबाई, माझ्या दिवंगत सासूबाई. ऑगस्टच्या सणाला मारियामातेची मूर्ती एका होडीत बसवून समुद्रात मिरवतात. तो मान एकदा तरी आपल्या घराला मिळावा, ही सासूबाईंची शेवटची इच्छा! अकरा वर्षं वाट पाहिल्यावर यंदा विल्बेर्तचा नंबर लागला. त्या आनंदात पठ्ठ्याने होडीला सिरॅमिकचा लेप देऊन आणला.

“दाजी, आरसा झालाय नुसता!” तो फोनवर ओरडत होता. “पाणी टिकतच नाही, मोत्यांसारखं घरंगळतं! तुम्ही फक्त धूळ तेवढी काढा. शनिवारी संध्याकाळी पोचतोच.”

मी विहिरीच्या नळाला पाइप जोडला आणि भर उन्हात फवारा सोडला. खरंच हो, मोती! सगळ्या होडीभर मोती! कौतुकाने बघतच राहिलो. पाच मिनिटांत मोती वाळले आणि प्रत्येक मोत्याच्या जागी एक पांढरा गोल ठिपका उरला. देवी आलेल्या माणसासारखी दिसायला लागली होडी.

आमची सगळी जमीन चुनखडीची. विहिरीचं पाणी म्हणजे पातळ केलेला खडू. हे मला माहीत नव्हतं का? मीच शिकवायचो! सातवीला, दुसऱ्या सत्रात!

“अहो, हे काय करून ठेवलंत?” माझी बायको लिगिया दारात उभी होती. “आईच्या अंगावर डाग!”

“निघतील,” मी म्हणालो. “वाचून बघतो.”

“वाचा. घर जळत असलं तरी आधी वाचा.”

मी लेपाबरोबर आलेली पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. उपाय सोपा होता. होडी सावलीत घ्या. अर्धं व्हिनेगर, अर्धं शुद्ध पाणी. मऊ फडक्याने लावा, मिनिटभर थांबा, घासू नका, आणि शुद्ध पाण्याने धुऊन लगेच कोरडी करा. मी व्हिनेगर लावलं. डाग गेले! मी हर्षाने पाइप घेतला आणि धुतलं. विहिरीच्या पाण्याने! पुन्हा देवी.

म्हणून शनिवारी सकाळी सात वाजता मी गास्परला थांबवलं. गास्पर तीनचाकी सायकलवरून पिण्याच्या पाण्याचे जार विकतो.

“किती देऊ, मास्तर? नेहमीसारखे दोन?”

“चोवीस.”

गास्परने पायडल सोडलं. “चोवीस? लग्न आहे का घरी?”

“नाही.”

“मग?”

आता सासूबाईंना देवी आल्यात हे काय सांगणार? मी मान खाली घालून म्हणालो, “गास्पर, कुणाला सांगू नकोस हं. लोक उगाच घाबरतील.”

म्हणजे लिगियाचे नातेवाईक, असं मला म्हणायचं होतं.

मग मी दुकानात गेलो. व्हिनेगरच्या आठ बाटल्या घेतल्या. सावली करायला मोठी ताडपत्री घेतली. ती बांधायला पन्नास मीटर दोर घेतला. वादळांचे दिवस, गावातला एकुलता एक भूगोलाचा मास्तर, व्हरांड्यात हवेचा दाब मोजायचं यंत्र असलेला, कधी कुणाशी न बोलणारा. आणि तो पाणी, ताडपत्री अन् दोर घेऊन लगबगीने घरी चाललाय! (यंत्र नऊ वर्षांपूर्वीच बंद पडलंय. पण तेही मी कुणाला बोललो नव्हतो.)

मी आपला ताडपत्रीखाली कामाला लागलो. आणि काय सांगू, जमायला लागलं! एकेक डाग विरघळत होता. हातांना आंबट वास, पाठीला कळ, पण मी चक्क शीळ घालत होतो! मधूनमधून ठाक-ठाक आवाज यायचा. वाटलं, सणाचा मांडव घालताहेत.

साडेबाराला शेवटचा डाग गेला. होडीत मला माझाच चेहरा दिसला, आणि आयुष्यात प्रथमच तो बरा वाटला. तेवढ्यात चर्चचा भोंगा बोलला:

“वादळाच्या धोक्यामुळे उद्याची समुद्रातली मिरवणूक रद्द!”

मी रस्त्यावर धावलो. घराघरांच्या खिडक्यांवर फळ्या ठोकल्या होत्या. शेजारच्या दोन्या एल्सी कोंबड्या पोत्यात भरत होत्या.

“कसलं वादळ?” मी विचारलं.

“आम्हाला काय विचारता, मास्तर?” त्या रडवेल्या झाल्या. “तुम्हीच सांगा ना, कुठवर आलंय?”

अकरा वर्षं! सासूबाईंची शेवटची इच्छा! आणि ती बुडवली कुणी? मी!

चर्चसमोर दोनशे माणसं जमली होती. मी पायऱ्या चढलो. वर्गाबाहेर मी कधी तीन माणसांपुढे बोललो नव्हतो.

“वादळ नाही!” मी म्हणालो. “मी... मला होडीचे डाग काढायचे होते. पाणी त्यासाठी होतं.”

मागून एक म्हातारा म्हणाला, “किती भला माणूस! आपण घाबरू नये म्हणून खोटं बोलतोय.”

“मास्तर, आम्ही लहान मुलं नाही. खरं सांगा!” गास्पर ओरडला. “मला काय म्हणालात सकाळी? लोक घाबरतील म्हणालात!”

“अरे बाबा, डागच होते! पांढरे! होडीभर!”

“मग दाखवा!”

“चला!” मी म्हणालो.

सगळा जमाव माझ्या अंगणात आला. फादर सगळ्यात पुढे. ताडपत्री बाजूला केली. होडी लखलखत होती. कुसळाएवढाही डाग नव्हता!

फादरनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मुला, कोणत्या प्रकारचं वादळ आहे?”

मी बासष्ट वर्षांचा आहे, पण ब्याण्णवचा असतो तरी त्यांनी मला ‘मुला’च म्हटलं असतं. पण त्या क्षणी माझ्या अंगात काहीतरी संचारलं. मी दोर सोडले, ताडपत्री खेचून काढली, विहिरीचा नळ सोडला आणि दोनशे माणसांदेखत त्या आरशासारख्या होडीवर फवारा मारला! टोकापासून टोकापर्यंत!

“अहो!” लिगिया किंचाळली.

“थांबा,” मी म्हणालो. “सगळ्यांनी थांबा. वाळू दे.”

सगळे श्वास रोखून होडीकडे बघू लागले. ऊन रणरणत होतं. एक मिनिट. दोन मिनिटं.

“आला!” दोन्या एल्सी ओरडल्या. “तो बघा, एक आला!”

“इकडे दुसरा!”

“अरे, आले! आले! सगळीकडे आले!”

टाळ्या! शिट्ट्या! दोन्या एल्सींनी मला मिठी मारली, हातातल्या कोंबडीसकट! आणि त्याच वेळी गर्दी सारत विल्बेर्त आत शिरला. वादळाची बातमी मेरिदापर्यंत पोचली होती. होडी वाचवायला बिचारा गाडी दामटत आला होता. त्याने पाहिलं, की त्याच्या होडीला देवी आल्या आहेत, तिच्याभोवती सारं गाव नाचतंय, आणि पाइप माझ्या हातात आहे.

“दाजी,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “वादळ कुठंय?”

“हे काय, आत्ता आलं,” लिगिया त्याच्याकडे बघत म्हणाली, आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

पण त्याला चिडायला कुणी वेळच दिला नाही. वादळाच्या धास्तीने घराघरांत जारांचे ढीग लागले होते, आणि गावाला एकदम लाज वाटायला लागली होती. जो तो आपला जार घेऊन आला. मी पहिल्यांदाच लोकांना आज्ञा सोडत होतो: “घासू नका! मिनिटभर थांबा! कोरडं करा, कोरडं!” चौथ्या तासाला होडी पुन्हा आरसा! भोंग्याने मिरवणूक पूर्वीसारखी जाहीर केली. विल्बेर्तने डोळे पुसले आणि म्हणाला, “दाजी, उद्या तुम्ही होडीत बसायचं. मारियामातेच्या शेजारी.”

रविवारी सकाळी समुद्र ताटात ओतलेल्या पाण्यासारखा स्तब्ध होता. फुलं, वाजंत्री, किनाऱ्यावर सारं गाव. ‘दोन्या क्लेता’ अशी झळकत होती, की सासूबाई हयातीत कधी माझ्यावर एवढ्या प्रसन्न दिसल्या नव्हत्या. मी बसलो, आणि बाकाखालचं एक लाइफ जॅकेट काढून अंगात घातलं. मला पोहता येत नाही, एवढंच हो त्यामागचं कारण!

वाजंत्री थांबली.

फादरनी माझ्याकडे पाहिलं. मग आकाशाकडे पाहिलं. मग दुसरं जॅकेट उचललं. मागच्या होड्यांमधून पट्टे आवळल्याचे आवाज येऊ लागले, कट्, कट्, कट्.

मी काही बोलणार, तेवढ्यात विल्बेर्त वाकला आणि उरलेलं जॅकेट त्याने मारियामातेला बांधलं.