वाघाचं पोट आणि भिवरीचं दही

एका जंगलात राजाचं पोट दुखायचं.

राजा म्हणजे वाघ. पुस्तकात सिंह असतो, मला माहीत आहे. पण पुस्तकवाल्यांनी आपलं जंगल कधी पाहिलंय? ज्याला सिंह पाहिजे त्यानं पुस्तक वाचावं. बाकीच्यांनी गप बसून ऐकावं.

तर हे पोट रोज दुखायचं नाही. वर्षातून एकदा, उन्हाळ्यात दुखायचं. जंगलाच्या मधोमध तळं होतं. तळ्यात हत्तीएवढा एक दगड होता, त्याला सगळे हत्तीदगडच म्हणायचे. चैत्र सरला की पाणी उतरायला लागायचं. दगडाचे पाय उघडे पडले की काठावरची टिटवी राजाकडे जायची आणि सांगायची, "महाराज, पाय दिसले."

झालं. राजाच्या पोटात कळ उठायची. घास उतरायचा नाही, झोप लागायची नाही. इकडून तिकडं, तिकडून इकडं फेऱ्या घालायचा. शेवटी कळ सोसवेना म्हणून उठायचा, डोंगरातल्या खिंडीत जाऊन उभा राहायचा आणि तीन डरकाळ्या फोडायचा.

ह्या तीन डरकाळ्यांकडं सगळ्या जंगलाचे कान असायचे. खिंडीपलीकडे डोह होता, बारमाही पाण्याचा. पण खिंड अरुंद, आणि वाघाची शिकारीची जागा तीच. राजानं तीनदा डरकाळी दिली म्हणजे अभय. आज शिकार नाही, खुशाल जा. डरकाळी नाही तर खिंडीत पाऊल नाही. हा नियम राजाच्या आजीच्याही आधीचा.

डरकाळी झाली की लहानथोर निघायचे. दीड दिवसात डोहावर पोचायचे. सगळे पाण्याला लागले की राजाची पोटदुखी आपोआप थांबायची.

राजाची आई गादीवर होती तेव्हा तिचंही असंच दुखायचं. ती चार काड्या गवत खायची, ओकायची आणि खिंडीकडं चालू लागायची. औषध विचारत कुणाच्या दारात गेली नाही.

हा राजा मात्र शिकलेला निघाला. शेजारच्या जंगलात राजेलोकांचं शिबिर भरलं, त्याला हा गेला. तीन दिवस झाडाखाली बसून भाषणं ऐकली. येताना गळ्यात बिल्ला आणि सोबत एक उदमांजर घेऊन आला.

उदमांजर तुम्ही पाहिलं नसेल. फळं खातं. त्यानं खाल्लेल्या कॉफीच्या बिया मागून जशाच्या तशा बाहेर पडतात, आणि त्या धुऊन भाजून परदेशात फार मोलानं विकतात म्हणे. एवढ्या पुण्याईवर ते पोटाचं तज्ज्ञ झालं होतं. हसू नका. ह्याहून कमी पुण्याईवर झालेले तज्ज्ञ मी पाहिलेत.

राजानं सभा बोलावली. उदमांजर दगडावर चढलं.

"तुमचा राजा दुखण्यात राज्य करतो, ही लाजेची गोष्ट आहे," ते म्हणालं. "ताण कुठं बसतो? डोक्यात नाही, पोटात बसतो. पोटात बारीक बारीक जीव असतात. कोट्यवधी. ते आनंदात तर राजा आनंदात. राजा आनंदात तर कसलंही संकट येऊ दे, राजा ढळणार नाही."

"वा," प्रधान म्हणाला. प्रधान म्हणजे अस्वल. त्याला कळलं की तो गप्प असायचा आणि नाही कळलं की वा म्हणायचा.

मागून भिवरी उठली. भिवरी म्हणजे रानम्हैस. राजाच्या आईच्या वेळची. तिच्या पायाशी तिची तीन महिन्यांची पारडी उभी होती, चिंधी. आधीची दोन रेडकं उन्हाळ्यातच गेली होती, म्हणून हिचं नाव चिंधी ठेवलं. चिंधीवर यमाची नजर जात नाही म्हणतात.

"पोटातल्या जिवांचं समजलं डॉक्टरसाहेब," भिवरी म्हणाली. "पोटाबाहेरच्या जिवांचं काय?"

"तो माझा विषय नाही," उदमांजर म्हणालं.

उपचार ठरला चाळीस दिवसांचा. सकाळी एक मडकं दही, संध्याकाळी एक मडकं दही. मधे केळी आणि मोहाची आंबवलेली कांजी. दही कुणाचं? दाट दूध कुणाचं, तर भिवरीचं. दूध काढायला चार वानरं नेमली. विरजण उदमांजरानं आपल्या झोळीतून काढलं.

"दह्याला विरजण बाहेरून?" भिवरीनं विचारलं. "आमच्या ताकाला काय धाड भरलीय?"

"ह्यातले जीव प्रशिक्षित आहेत," उदमांजर म्हणालं.

"आणि माझ्या पोरीला दूध?"

प्रधान पुढं झाला. "भिवरीबाई, असं काय करता? राजाचं पोट म्हणजे आपलं सगळ्यांचं पोट."

"मग सगळ्यांच्या पोटात जाऊ दे की दही. एकाच्याच का चाललंय?"

प्रधानाला हे कळलं, म्हणून तो गप्प बसला. वानरांनी मडकी पुढं सरकवली.

तेव्हापासून जंगलाची सकाळ बदलली. आधी कोण कुठं चरायला जाणार, कुणाचं पिल्लू हरवलं, कुणाला काटा लागला, असलं बोलणं व्हायचं. आता सगळे सभेच्या दगडासमोर जमायचे आणि प्रधान मोठ्यानं सांगायचा, "आज महाराजांचं पोट एका झटक्यात साफ झालं. रंग चांगला. वास बेताचा."

सगळे टाळ्या वाजवायचे. हरणंसुद्धा. वाघाला शौचाला साफ झाल्याच्या टाळ्या हरणांनी वाजवायच्या, म्हणजे बघा. ह्याच पोटात आजवर आपलं कोण कोण गेलंय, हे एकालाही आठवलं नाही.

बाराव्या दिवशी टिटवी आली. "महाराज, पाय दिसले."

राजाच्या पोटात कळ उठली. तो उभा राहिला. शेपटी हलली. तोंड खिंडीकडं वळलं.

"बसा, बसा महाराज," उदमांजर धावलं. "हाच तो ताण. ह्याच्या मागं धावायचं नसतं. दीर्घ श्वास घ्या. वानरांनो, दही आणा."

राजानं जादा मडकं संपवलं आणि आडवा झाला. कळ बसली. उदमांजरानं टिटवीला बाजूला घेतलं.

"ही काय पद्धत झाली बातमी सांगायची? जेवणाआधी येऊन थेट वाईट बोलायचं? ह्यापुढं जेवणानंतर यायचं, हळू बोलायचं, आणि एका वाईट बातमीआधी तीन चांगल्या सांगायच्या."

टिटवी गरीब जात. वीस दिवसांनी पुन्हा आली ती तयारी करून आली. जेवण होईपर्यंत उन्हात उभी राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "महाराज, ऊन छान पडलंय. वारा येतोय मधून मधून. माझं एक अंडं अजून फुटलेलं नाही. आणि दगडाचे गुडघे दिसले."

"अंड्याचं ऐकून बरं वाटलं," राजा म्हणाला. आणि कुशीवर वळला.

इकडं चिंधी वाळत चालली होती. वानरं दोन वेळा दूध काढून न्यायची, मग राहील ते तिला. राहणार काय? आणि भिवरीला प्यायला चिखलाचं पाणी, तर दूध तरी कुठून यायचं? चिंधीच्या बरगड्या लांबून मोजता यायला लागल्या. ती उभी राहिली की पाय लटपटायचे.

भिवरी खिंडीच्या तोंडाशी जाऊन यायची. आत बघायची. परत फिरायची. नियम म्हणजे नियम. तिच्या डोळ्यांदेखत एकदा एक उतावळं सांबर डरकाळीआधी खिंडीत शिरलं होतं. त्याचं फक्त शिंग बाहेर आलं होतं.

चाळिसाव्या दिवशी तळ्यात फक्त गाळ होता. भिवरी सरळ राजाच्या गुहेवर गेली. प्रधान दारात आडवा आला.

"पोट कसं आहे महाराज, असं आधी विचारायचं. मग काय ते बोला."

"सर बाजूला," भिवरी म्हणाली. म्हशीनं सर म्हटलं की अस्वलसुद्धा सरतं.

आत राजा पालापाचोळ्यावर लोळत होता. अंग तुकतुकीत. मिशा चमकत होत्या. शेजारी सकाळचं मडकं, काठोकाठ भरलेलं. वानरं आत्ताच ठेवून गेली होती.

"महाराज, दगडाचं पोट दिसलं," भिवरी म्हणाली. "तळं संपलं. माझी पोरगी आज गेली नाही तर उद्या जाईल. खिंडीत चला. तीन डरकाळ्या द्या, बाकी काही मागत नाही."

राजानं तिच्याकडं बघितलं. फार शांतपणे बघितलं. डोळ्यांत काही हललं नाही.

"भिवरीमावशी," तो म्हणाला, "तुम्ही किती ताणात आहात. माझ्याकडं बघा. मागच्या वर्षी हीच बातमी ऐकून माझ्या पोटात आग पडली होती. आज काही नाही. अगदी काही नाही."

"हेच यश," उदमांजर कोपऱ्यातून म्हणालं. "ह्यालाच आम्ही खंबीरपणा म्हणतो. महाराज, अभिनंदन. उपचार पूर्ण झाला."

"मग आता डरकाळी द्या," भिवरी म्हणाली.

"देईन की. वाटलं की देईन. आतून यायला पाहिजे, मावशी. आत्ता आतून काही येत नाही." राजानं मडकं तिच्याकडं ढकललं. "तुम्ही हे थोडं खा. दीर्घ श्वास घ्या. पोट निवलं की सगळं निवतं."

भिवरीनं मडक्याकडं बघितलं. तिचंच दूध. चिंधीच्या तोंडचं.

"तुझी आई गवत ओकायची आणि उठायची," ती म्हणाली. आता महाराज नाही, अहो नाही. "एकदा तिला विचारलं, बाई, औषध का घेत नाहीस? म्हणाली, दुखायचं थांबलं तर मला उठवणार कोण? तू तर दुखणंच बरं करून बसलास. घर जळतंय म्हणून ओरडणारी म्हातारी मारून टाकली आणि म्हणतोस, किती शांत वाटतंय."

"हा ताण बोलतोय," उदमांजर म्हणालं.

भिवरीनं मडक्याच्या गळ्याचा दोर दातात धरला आणि बाहेर पडली. कुणी अडवलं नाही. राजाला अडवायची गरज वाटली नाही. त्याला कसलीच गरज वाटत नव्हती.

तिनं ते दही चिंधीसमोर ठेवलं. चिंधीनं मडक्यात तोंड घातलं ते बूड चाटूनच वर काढलं. मग भिवरी तिला घेऊन खिंडीकडं चालू लागली. सगळं जंगल धावत आलं.

"अगं भिवरे, डरकाळी नाही झाली."

"होणार पण नाही."

"वाघ झडप घालेल."

"कोण घालेल?" भिवरी थांबली. "ज्याच्या पोटात तळं आटल्याची कळ उठत नाही, तो तुमच्यासाठी उठणार? दोन वेळचं दही बसल्या जागी मिळतंय त्याला. चाळीस दिवसांत त्यानं एक ससा तरी धरलाय का? खिंड मोकळी आहे. आपणच टाळ्या वाजवत इथं बसलो."

खरंच, कुणालाही आठवेना राजानं शेवटची शिकार कधी केली ते. पण आठवत नाही म्हणून कुणी पाऊलही टाकलं नाही. भीती जुनी होती आणि विचार नवा होता.

भिवरी आत शिरली. भर दुपारी. चिंधी तिच्या पोटाखालून चालत होती. खिंडीत चिंधी दोनदा बसली. दोनदा भिवरीनं तिला नाकानं ढकलून उठवलं. वरच्या कपारीकडं मात्र तिनं एकदाही मान केली नाही. वाघ असता तर बघून काय होणार होतं?

पलीकडून तिची हाक आली. लांब, जाड, म्हशीची. तीनदा.

आधी टिटवी उडाली. मग ससे गेले, मग हरणं, मग वानरं, रिकामी मडकी टाकून. शेवटी प्रधानही गेला. जाताना त्याच्या तोंडात त्या सकाळची घोषणा तशीच होती, ऐकायला कुणी उरलं नव्हतं.

सातजण गेले नाहीत. म्हातारी सांबरं. नियम म्हणजे नियम, म्हणाली. वाघाचीच डरकाळी पाहिजे, म्हशीची चालत नाही. ती गाळाच्या काठावर रांगेत बसली आणि वाट बघत राहिली. त्यांची हाडंही रांगेतच आहेत.

चौथ्या दिवशी उदमांजरानं राजाला तळ्याकाठी नेलं. गाळाला भेगा पडल्या होत्या. वर घारी फिरत होत्या. उदमांजरानं राजाच्या पोटावर पंजा ठेवला.

"कळ?"

"नाही."

"जळजळ?"

"नाही."

"गोळा? मुरडा? काहीतरी हलल्यासारखं?"

"काही नाही," राजा म्हणाला. "थोडी भूक आहे. तीन-चार दिवस दही आलं नाही."

उदमांजराच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा चांगला निकाल त्याला आजवर मिळाला नव्हता.

त्याच आठवड्यात शेजारच्या जंगलातून राजाला बोलावणं आलं. तिथं शिबिर होतं. विषय होता, संकटात शांत कसं राहावं. राजा दीड तास बोलला. समोर बसलेले सगळे राजे बिल्ले सावरत ऐकत होते. शेवटी एका तरण्या बिबट्यानं विचारलं, "महाराज, तुमची प्रजा सध्या कुठं असते?"

राजानं दीर्घ श्वास घेतला. "तो माझा विषय नाही," तो म्हणाला.

लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. बाहेर दह्याची मडकी विकायला ठेवली होती, ती सगळी संपली.

आणि डोहावर? दर उन्हाळ्यात भिवरीच्या पोटात कळ उठते. रात्रंदिवस फेऱ्या घालते, सगळ्यांना शिव्या देते, कुणाला सुखानं पडू देत नाही. चिंधी आता मोठी झाली. परवा आईला म्हणाली, "आई, माझ्यापण पोटात दुखतंय."

"कुठं?"

"इथं. डोहाचं पाणी बघितलं की."

भिवरीनं पोरीचं कपाळ चाटलं आणि म्हणाली, "चल, बघून येऊ."

तात्पर्य: पुढाऱ्यानं पोट सांभाळावं. तळं आटू दे, प्रजा जाऊ दे, पोट बिघडता कामा नये. शेवटी भाषण करायला कुणीतरी धडधाकट उरायला पाहिजे. ज्यांना जगायचं आहे त्यांनी मात्र म्हशीमागं जावं.